गाडी पोराची, हप्ता बापाचा, मग तासाची हमी कोणी द्यायची?

पत्र थोडक्यात असं:

नाशिकचे एक काका, वय ६३, सातपूरच्या एका कारखान्यात सगळी नोकरी करून रिटायर झालेले. मुलगा तिशीतला, त्याचं अंबडचं कॉन्ट्रॅक्टवरचं काम सुटल्यावर काकांनी फंडाच्या पैशातून डाऊन पेमेंट भरलं आणि पिवळ्या पाटीची सीएनजी गाडी घेऊन दिली, ती तो कॅब बुक करायच्या ॲपवर चालवतो. आता ओळखीतल्या ड्रायव्हर लोकांचं बंद पुकारायचं चाललंय. मागणी अशी की ॲप चालू ठेवून ड्रायव्हर जितके तास रस्त्यावर आहे तितक्या तासांचे ठराविक किमान पैसे कंपनीने द्यायचे, भाडं मिळो न मिळो. मुलगा त्यात पुढे आहे. काकांचं म्हणणं, "धंदा केलास ना, मग धंद्यासारखा कर. किराणावाल्याचं गिऱ्हाईक आलं नाही तर त्याला कोणी हमी देतं का? आम्हाला तरी कोणी दिली होती, आम्ही राबलो. आणि अशी हमी मिळाली तर निम्मी पोरं गाडीत एसी लावून झोपतील." यावरून घरात अबोला आहे. सून म्हणते बंद चालेल तेवढे दिवस हप्ता बाबांनी भरावा. काकांचे प्रश्न दोन, मागणी बरोबर आहे का आणि हप्ता भरू की नको.

काका, नमस्कार.

हप्त्याचं शेवटी बोलू, तो प्रश्न त्या मानाने सोपा आहे. आधी तुमच्या त्या किराणावाल्याचं बघू.

किराणावाला साखर कितीला विकायची ते स्वतः ठरवतो, कोणाला उधारी द्यायची आणि कोणाला नाही ते ठरवतो, समोरच्याने भाव पाडला तर आपण दोन रुपये कमी करायचे की गप बसायचं हेही तोच ठरवतो. गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचं असतं, पोरीच्या लग्नाला जाण्याइतकं. तुमच्या मुलाच्या हातात यातलं काय आहे? भाव फोनमध्ये ठरून येतो, गिऱ्हाईक फोनमधून येतं, उद्या फोनने आयडी बंद केला तर दुकानच नाही. परवा नाशिकरोड स्टेशनवरून घरी येताना ड्रायव्हरने मला मधेच आलेलं एक भाडं दाखवलं, पिकअप ४.८ किलोमीटर, ड्रॉप ३.२ किलोमीटर, ८१ रुपये, आणि बाजूला ते सेकंदांचं वर्तुळ भराभर रिकामं होत होतं. म्हणजे ८ किलोमीटर गाडी पळवायची तेव्हा ८१ रुपये, किलोमीटरला दहा रुपये आणि वर चिल्लर, आणि घ्यायचं की नाही तेवढं ठरवायला वेळ चहाचा एक घोट घेण्याइतका. गाडी त्याच्या नावावर आहे, विमा तो भरतो, पंक्चर तो काढतो, म्हणून तो मालक. पण ज्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येत नाही त्याला दुकानदार म्हणायचं का, हे तुम्हीच शांतपणे ठरवा, मी घाई करत नाही.

दुसरं, "आम्हाला कोणी हमी दिली होती" हे वाचून मला जरा हसू आलं, रागावू नका. कारण त्याच पत्रात खाली तुम्ही लिहिलंय की दर तीन वर्षांनी युनियनचा करार व्हायचा आणि एका वर्षी करार लांबला तर गेटवर बसला होतात. काका, ही हमीच होती की! अजून एक सांगा, ऑर्डर नाही म्हणून किंवा लाईट गेली म्हणून मशीन दोन तास बंद राहिलं तर त्या दोन तासांचा पगार तुमचा कापायचे का? नाही ना. तुम्ही मशीनपाशी हजर होतात, काम नव्हतं हा कंपनीचा प्रश्न होता. मुंबई नाक्याजवळ गाडी लावून ॲप चालू ठेवून बसलेला तुमचा मुलगा हेच म्हणतोय, की मी हजर आहे, माझ्या हजर असण्यामुळेच कंपनी प्रवाशाला "४ मिनिटांत गाडी" असं दाखवू शकते, मग माझ्या बसण्याचे पैसे शून्य कसे. दहा गाड्या रिकाम्या उभ्या असतात म्हणून प्रवाशाला लगेच गाडी मिळते, तो खूश असतो आणि त्या दहा गाड्यांच्या उभं राहण्याचा खर्च मात्र दहा घरं उचलतात. मला तरी या मुद्द्यात खोट दिसत नाही.

पण थांबा, मुलाला लगेच जाऊन "मी चुकलो" म्हणू नका, कारण त्याच्याही मागणीत एक मोठी गोम आहे आणि ती हिशोबात लपलीय.

तुमच्याकडे वही असेलच, आणि रिटायर माणसाइतका चांगला हिशोबनीस घरात दुसरा नसतो. मुलाचा एक दिवस घ्या. मी नमुन्याचे आकडे टाकते, तुमचे वेगळे येतील. समजा तो सकाळी सातला निघाला आणि मधलं जेवण वगैरे सोडून ११ तास ॲपवर होता. कंपनीचं कमिशन जाऊन हातात आले २३०० रुपये. ऐकायला बरं वाटतं, महिन्याला साठ हजार, सून म्हणेल मग हप्त्याला का अडतं. आता मीटर बघा, गाडी फिरली १९८ किलोमीटर, त्यात पॅसेंजर बसलेला असताना जेमतेम सव्वाशे. सीएनजी किलोला २२ चा ॲव्हरेज धरला तर ९ किलो, ९० रुपयाने धरू, ८१० गेले. हप्ता साडेतेरा हजार भागिले २६ दिवस, ५२० गेले. टायर, सर्व्हिसिंग, विमा, पासिंग, परमिट हे सगळं किलोमीटरला दोन रुपये धरलं तर साधारण ४००. मोबाईल, गाडी धुणं, चहापाणी ६०. उरले ५१०. भागिले ११ तास, म्हणजे तासाला ४६ रुपये. (हप्त्यातला काही भाग गाडी आपली होण्यात जातो हे खरं, पण ॲपवरची गाडी चार-पाच वर्षांत किती झिजते तेही बघा, त्यामुळे मी तो फायदा धरत नाही, तुम्हाला धरायचा तर धरा.)

आता गंमत अशी की याच दिवशी पॅसेंजर गाडीत बसलेला असा वेळ काढला तर तो समजा पाच तास निघाला. ५१० भागिले ५, तासाला १०२ रुपये. दिवस तोच, पैसे तेच, फक्त तास कोणता मोजायचा ते बदललं आणि कमाई दुपटीहून वर गेली. म्हणून तासाला किमान इतके रुपये द्या एवढीच मागणी केली आणि तास कोणता ते लिहून घेतलं नाही, तर कंपनी हसत हसत सही करेल.

हे मी हवेत बोलत नाही, बाहेर असं झालंय. अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मतदान करून एक कायदा पास केला, त्यात ॲपच्या ड्रायव्हरला तिथल्या किमान वेतनाच्या १२० टक्के आणि वर मैलामागे ३० सेंट अशी हमी होती. १२० टक्के ऐकून कोणालाही वाटेल वा! पण तास मोजायचा तो भाडं स्वीकारल्यापासून पॅसेंजर उतरेपर्यंतच, मधे वाट बघत बसलात ते तुमचं तुम्ही. तो कायदा कोर्टात गेला आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायम केला. इंग्लंडमध्ये उलटं झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या केसमध्ये सांगितलं की ड्रायव्हरने आपल्या भागात ॲप चालू केलं आणि भाडं घ्यायला तयार बसला की कामाचा वेळ सुरू. त्यानंतर कंपनीने किमान वेतन आणि सुट्टीचे पैसे द्यायचं मान्य केलं, पण मोजणी धरली भाडं स्वीकारल्यापासूनची. कोर्टात जिंकलेल्या ड्रायव्हर लोकांचं भांडण पुन्हा तिथेच येऊन अडकलं, वाट बघण्याच्या तासावर.

न्यूयॉर्कने डोकं लावलं असं मला वाटतं. तिथल्या टॅक्सी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये ठरवलं की खर्च जाऊन ड्रायव्हरला तासाला १७.२२ डॉलर सुटले पाहिजेत, आणि प्रत्येक ट्रिपचा किमान दर काढायचं सूत्रच असं ठेवलं की गाड्या जितका वेळ रिकाम्या फिरतात तितका तो दर वर जातो. म्हणजे कंपनीने गरजेपेक्षा जास्त गाड्या रस्त्यावर आणून ठेवल्या तर भुर्दंड कंपनीलाच. पण पुढे काय झालं तेही तुमच्या मुलाला सांगा. कंपन्यांनी गर्दी नसेल तेव्हा ड्रायव्हरना ॲपमध्ये घेणंच बंद केलं. लॉगइन करायला जा, ॲप म्हणणार आत्ता जागा नाही, नंतर या. २०१९ मध्ये हे झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा झालं. आत असलेल्याला पैसे बरे, बाहेरचा गाडी लावून बसलेला.

तर काका, रिकामा तास मोजला तर ॲपला गेट लागणार, रिकामा तास मोजला नाही तर हमी कागदावर. तुमच्या मुलाच्या संघटनेने हे आपसात बोलून घेतलंय का, की कंपनीने उद्या नाशिकमध्ये दुपारी बारा ते चार फक्त निम्म्याच गाड्या आत घेतल्या तर निम्म्यात कोण, जुना की नवा, रेटिंगवाला की ओळखीवाला? हे आज घरात बसून विचारा, बंदच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

आता तुमची एसी लावून झोपणारी पोरं. ही भीती अगदीच खोटी नाही पण तिला उत्तर आहे. हमी जिथे आहे तिथे ती आलेलं भाडं घ्यायला तयार असणाऱ्याला असते, नुसता फोन चालू ठेवणाऱ्याला नाही. पण मग त्याची दुसरी बाजू अशी की आलेलं भाडं नाकारायची मोकळीक कमी होते. आपल्याकडे ड्रायव्हरचा फोन येतो, "मॅडम कुठे जायचंय, कॅश का ऑनलाईन", आपण सांगतो पाथर्डी फाटा आणि ऑनलाईन, की दोन मिनिटांत ट्रिप कॅन्सल, आणि कॅन्सल तुम्हीच करा असंही वर ऐकावं लागतं. नाशिकमध्ये हे ज्याने अनुभवलं नाही त्याने हात वर करा. तासाचे पैसे पाहिजेत तर हे बंद करावं लागेल, आणि दोन ॲप एकदम चालू ठेवून मधे ओळखीचं शिर्डीचं भाडं ऑफलाईन मारून यायचं, तेही. मारायला हरकत नाही, पण त्या तासाचे पैसे ॲपकडे मागता येणार नाहीत. तुमचा मुलगा एका वाक्यात म्हणतो की मला तासाची हमी पाहिजे आणि दुसऱ्या वाक्यात म्हणतो की मी कोणाचा बांधलेला नाही, असं तुम्हीच लिहिलंय. दोन्ही थोडं थोडं मिळू शकतं, दोन्ही पूर्ण मिळत नाही. त्याने कुठलं किती सोडायला तयार आहे ते स्वतःशी ठरवावं, ते तुम्ही किंवा मी ठरवायचं काम नाही.

आपल्या कायद्यात हे कुठे बसतं तेही थोडं बघू. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून आपल्याकडे हमी आहे ती मालक-नोकर नातं असेल त्याला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात सामाजिक सुरक्षेच्या संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांचं नाव पहिल्यांदा आलं, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची असंही आलं. पण किमान वेतनाचं कलम त्यांना लागत नाही, म्हणजे विमा-पेन्शनची दारं उघडली, पगाराचं दार बंदच आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये आपापले कायदे केले, त्यातही मंडळ, नोंदणी आणि कल्याण निधी आहे, तासाची हमी नाही. म्हणून संघटना जेव्हा म्हणते "हा आमचा कायदेशीर हक्क आहे" तेव्हा ते आजच्या घडीला बरोबर नाही. व्हावा म्हणून लढणं वेगळं.

आणि इथे मला तुमचीच मदत पाहिजे. सातपूरला इतकी वर्षं काढली म्हणजे माल उतरवायला येणारे माथाडी तुम्ही बघितले असणार. आज या ट्रकवर, उद्या त्या गोडाऊनला, एक मालक असा नाहीच. त्यांनाही लोक हेच म्हणायचे, तुमचा मालक कोण ते तर सांगा, मग बघू. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी लढा उभा केला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, ज्यात मधे एक मंडळ आलं. कामगार मंडळात नोंदवलेला, मालकही मंडळात नोंदवलेले, मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के रक्कम, मालकाने मंडळात भरायची, मंडळ कामगाराला पगार देणार आणि फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना बघणार. एक मालक नसला तरी हमी देता येते हे आपल्याच राज्याने पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी करून दाखवलंय, त्यासाठी न्यूयॉर्कला जायला नको. दोन ॲपवर अर्धा अर्धा वेळ चालणाऱ्या ड्रायव्हरचे तास कोणी जोडायचे हा जो अवघड प्रश्न आहे ना, तो मधे मंडळ असेल तर सुटतो. आता माथाडीचं सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही, लेव्हीच्याच वादावरून २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले होते आणि भरडला गेला तो शेतकरी. पण मागणी लिहायची असेल तर "तासाला इतके द्या" पेक्षा "माथाडीसारखं मंडळ द्या" ही मागणी जास्त भक्कम आहे असं माझं मत आहे.

माझं मत अजून एका बाबतीत स्पष्ट आहे आणि ते संघटनेच्या पोरांना आवडणार नाही. नाशिकमध्ये आत्ता तासाची हमी ही पहिली मागणी असू नये. इथे लोक अजून शेअर रिक्षाने जातात, सिटीलिंकच्या बसने जातात, ॲपची गाडी म्हणजे स्टेशन, ओझर एअरपोर्ट, दवाखाना, रात्रीचं उशिराचं येणं किंवा पाऊस. भाडं जरा वर गेलं की सीबीएस बसस्टँडला जाऊन शेअर रिक्षात बसणारे आपणच आहोत. म्हणून आधी किलोमीटरचा दर धरा. तो ठरवायचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला आहे, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणजे मागणी कोणाकडे न्यायची ते तरी नक्की आहे. पुण्यात जानेवारी २०२४ पासून ॲपच्या एसी कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरला. अर्थात ठरणं वेगळं आणि ॲपवर दिसणं वेगळं, त्यावरून तिथे आंदोलनं झालीच. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वतःच्या गाडीच्या ड्रायव्हरला भाड्याचे किमान ८० टक्के, ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा असं आहे, शिवाय किमान भाडं ३ किलोमीटरचं धरायचं ते पिकअपला रिकामं जावं लागतं त्याची भरपाई म्हणून. यातलं तुमच्या मुलाला काय मिळतंय? विम्याचा कागद घरात आहे का? नसेल तर तासाच्या आधी ते मागा.

एक सावधगिरी. हल्ली बऱ्याच ॲपचं चाललंय की कमिशन शून्य, फक्त रोजची किंवा महिन्याची ठराविक फी भरा आणि भाडं सगळं तुमचं. ड्रायव्हर खूश होतो, आणि खूश होण्यासारखं आहेही. पण त्यात कंपनी म्हणायला मोकळी होते की आम्ही नुसतं सॉफ्टवेअर भाड्याने देतो, भाड्याशी आमचा संबंध नाही, मग हमी कसली मागता. फी मात्र भाडी मिळोत न मिळोत भरायचीच. तुमच्या मुलाने यातली कुठली स्कीम घेतलीय ते विचारा, कारण तासाची मागणी त्याच्या स्कीमला लागूच होणार नाही असंही असू शकतं आणि तो दुसऱ्यांच्या मागणीसाठी बंद पाळत असेल. पाळू दे, पण माहीत असून पाळू दे.

आता बंद. तुम्ही स्वतः गेटवर बसलेला माणूस आहात, तुम्हाला मी काय सांगणार. पण तुमच्या वेळी युनियनकडे मागणीपत्र होतं, कामगार आयुक्त होते, समोर नाव-पत्ता असलेली मॅनेजमेंट होती. इथे समोर ॲप आहे. तेव्हा मुलाला तीनच गोष्टी विचारा, भांडणाच्या सुरात नको, अनुभवी माणूस म्हणून विचारा. मागण्या लेखी कोणाला दिल्यात, आरटीओला की जिल्हाधिकाऱ्यांना की कोणालाच नाही? बंद किती दिवसांचा आणि तेवढ्यात काही झालं नाही तर पुढे काय? आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, रस्त्यावर गाडी काढणाऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरचं काय करणार? अशा बंदमध्ये गाड्या अडवून पॅसेंजर खाली उतरवल्याचे प्रकार होतात, काचा फुटतात, आणि केस पडते ती नेत्यावर नाही, पुढे उभ्या असलेल्या पोरावर. केस पडली की बॅज आणि पोलीस व्हेरिफिकेशन दोन्ही अडकतं, मग तासाला किती ते विसराच. त्याला सांगा गाडी घरी लाव, निवेदन द्यायला जा, फोटोत उभा राहा, पण कोणाच्या बॉनेटवर हात मारायचा नाही.

हप्ता. भरा, पण आधी बोलून आणि मोजून. बंद चार दिवसांचा असेल तर वरच्या हिशोबाने ५२० गुणिले ४, दोन हजार ऐंशी रुपये, तेवढे तुम्ही देताय असं सुनेला आजच सांगा, म्हणजे "बाबा भरतील" हे उघडं आश्वासन राहणार नाही. बंद लांबला तर पुढचे दिवस त्याने स्वतःच्या शिलकीतून काढायचे. आणि एक मेहेरबानी करा, पैसे देताना "माझं ऐकलं असतं तर" हे वाक्य गिळा. तुम्ही डाऊन पेमेंट भरलंत म्हणून गाडीच्या हिशोबावर बोलायचा हक्क तुम्हाला नक्की आहे, पण त्याने कोणत्या मोर्चात जायचं यावर तो हक्क लागत नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हाला गेटवर बसायला परवानगी दिली होती का हो? मला खात्री आहे तुम्ही विचारलंच नसेल.

अबोल्याचं मी काही मोठं सांगत नाही. वहीचं निमित्त आहे, ते वापरा. रात्री तो आला की त्याच्याकडून मीटरचा आकडा, ॲपवरचे तास, हातात आलेले पैसे आणि सीएनजी एवढं चारच लिहून घ्या, महिनाभर. पहिले दोन दिवस चिडेल, मग स्वतः सांगायला लागेल. आणि महिन्याच्या शेवटी जो आकडा निघेल तो तुमच्या दोघांच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही निघू शकतो, त्याची तयारी ठेवा. आकडा फारच खाली असेल तर अजून एक पर्याय उघडा ठेवा, ॲपचे तास कमी करून एखाद्या कंपनीचं शिफ्टचं पिक-अप ड्रॉप किंवा शाळेचं-दवाखान्याचं बांधलेलं काम घ्यायचं. तिथे महिन्याचे पैसे ठरलेले असतात. सिन्नर, अंबडकडे अशी कामं निघतात, तुमच्या जुन्या ओळखी याच कामाच्या आहेत आणि तुम्ही त्या वापरल्या तर त्यात कमीपणा नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्या घरांसाठी दोन गोष्टी, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. घरात कोणी ॲपवर गाडी किंवा बाईक चालवत असेल तर त्याची ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्या. २०२५ च्या बजेटमध्ये अशा कामगारांना ओळखपत्र आणि आयुष्मान योजनेतून दवाखान्याचं कवच जाहीर झालेलं आहे, आणि नोंदणीच नसेल तर ते मागायलाही तोंड उरत नाही. आणि ॲपवरचे महिन्याचे कमाईचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आयडी बंद झाला की जुना हिशोब दिसेलच असं नाही.

आणि काका, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की मुलगा सिंहस्थाच्या आधी दुसरी गाडी काढायचं म्हणतोय, बदली ड्रायव्हर ठेवून, धंदा मिळेल म्हणून. या एका गोष्टीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं आहेत, त्या दिवसांत रामकुंडाच्या आसपास खाजगी गाड्यांना आत सोडतच नाहीत, आणि बाहेरगावच्या गाड्या किती येतील ते वेगळंच. गर्दीचे दिवस काही आठवड्यांचे, कर्ज पाच वर्षांचं. शिवाय दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर ठेवला की तुमचा मुलगा स्वतः मालक होणार आणि तो ड्रायव्हर त्याला विचारणार, भाऊ, भाडं नाही मिळालं तर माझ्या दिवसाचं काय. तेव्हा तो काय देणार, हे त्याला गाडी बुक करायच्या आधी विचारा.